वादळातली चूल

संपादकांचे दिवाळी अंकाचे पत्र आले की आमच्या घरी त्यावर खल होतो. गेल्या वर्षी मी चकलीवर लिहिले, त्याआधी रेल्वेच्या वेळापत्रकावर. "यंदा स्वतःच्या कामावर लिहा की," ही म्हणाली. "सदतीस वर्षं तिथे काय करत होतात, ते मलाही कळेल." ह्यातला टोमणा नेहमीच्या वाचकांच्या लक्षात येईलच. पण सूचना चांगली होती. सदर चालवणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा तरी ज्यातले आपल्याला थोडेफार कळते अशा विषयावर लिहावे.

मी विमानाच्या जेट इंजिनाचा ज्वलनकक्ष आखत असे. संपूर्ण इंजिन नव्हे, फक्त त्याचा मधला भाग, ज्यात रॉकेल जळते. १९६८ साली नोकरी लागली तेव्हा मिरजेच्या आमच्या आत्याने विचारले, "काय रे, काम काय तुझं?" मी नव्या नवलाईने अर्धा तास बोललो. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे विमानाची चूल करतोस होय!" मला राग आला होता. इंजिनियरिंगची पदवी घेऊन माणूस चूल करतो म्हणजे काय? पुढे अनेक परिसंवादांतून मोठमोठ्या विद्वानांच्या व्याख्या ऐकल्या, परंतु आत्याच्या व्याख्येत दुरुस्ती करावीशी कधी वाटली नाही.

फक्त ही चूल वादळात पेटवायची असते.

जेट इंजिन म्हणजे पुढून हवा आत ओढायची, ती दाबायची, दाबलेल्या हवेत इंधन जाळायचे आणि तापून फुगलेला वायू मागून जोराने बाहेर सोडायचा. बाहेर पडता पडता तो टर्बाइन नावाचे चक्र फिरवतो, आणि त्याच दांड्यावर बसवलेला पुढचा कंप्रेसर त्यामुळे फिरत राहतो. कंप्रेसरमधून बाहेर पडणारी हवा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने येते. म्हणजे ताशी ५४० किलोमीटर! कोकणातल्या माणसाने आयुष्यात पाहिलेले सर्वांत मोठे वादळ आठवावे आणि त्याला निदान दोनाने गुणावे. उलट रॉकेलची ज्योत हवेत पुढे सरकते ती सेकंदाला जेमतेम काही मीटर. त्या वाऱ्यात पणती लावायची आणि ती हजारो तास विझू द्यायची नाही, एवढेच काम.

त्याला पहिला उपाय असा की हवेची वाट हळूहळू रुंद करायची. ओढा अरुंद घळीतून पसरट पात्रात आला की संथ होतो, तशी हवाही होते. पण संथ म्हणजे किती, तर पूर्वीच्या पाचवा-सहावा हिस्सा. ज्योत तरीही उडून जाते. तेव्हा दुसरा उपाय भोवऱ्याचा. सांगलीला आयर्विन पुलाखाली उभे राहून कधी पाण्याकडे पाहिले आहे का? पूर ओसरता ओसरता कृष्णेचे पाणी जोरात वाहत असते, पण पुलाच्या खांबामागे एखादे पान सापडले की ते प्रवाहाबरोबर जात नाही. गोल फिरून उलटे खांबाकडेच येते. लहानपणी मी तासन्‌तास ते पाहत बसे आणि घरी मार खाई. ज्वलनकक्षाच्या तोंडाशी आम्ही वाकड्या पात्यांची एक चकती बसवतो. तिच्यातून शिरणारी हवा गरगर फिरते, मध्यभागी पोकळी होते आणि पुढचा जळता वायू त्या पोकळीतून उलटा मागे येतो. तो मागे आलेला विस्तव नव्याने येणाऱ्या इंधनाला पेटवतो. ज्योतीला आधार खांबाचा नसतो, तिच्याच मागे फिरलेल्या उष्णतेचा असतो.

तिसरी अडचण प्रमाणाची. रॉकेल नीट जळायला त्याच्या सुमारे पंधरापट वजनाची हवा लागते. पण इंजिनातून तर रॉकेलच्या साठपट, कधी शंभरपट हवा वाहत असते. सगळी एकदम आत घेतली तर ज्योत गारठून मरेल. म्हणून साधारण पाचवा हिस्सा तोंडातून आत घ्यायचा, आणखी थोडी हवा पुढच्या भोकांतून द्यायची, की आग पुरती पेटली. उरलेली हवा, म्हणजे निम्म्याहून जास्तच, बाहेरून वळवून न्यायची आणि मागच्या भोकांतून टप्प्याटप्प्याने आत सोडायची. कारण मधल्या आगीचे तापमान २००० अंशांच्या घरात असते. ती तशीच टर्बाइनवर सोडली तर पाती मेणासारखी जातील.

आणि ज्या पत्र्याच्या नळीत ही आग कोंडायची, तिचे काय? नळी निकेलच्या मिश्रधातूची. तो चौदाशे अंशांच्या आतच वितळतो आणि नऊशेच्या पुढे गेला की त्याचा दम सुटू लागतो. पत्रा जाड करावा तर वजन वाढते आणि पत्रा जास्तच तडकतो. तेव्हा त्याची जाडी मिलिमीटरच्या आसपास. ह्या पत्र्याच्या आतल्या अंगाला गार हवेचा एक पातळ पापुद्रा सतत पसरत ठेवायचा, म्हणजे आग त्याला शिवत नाही. गार म्हणजे तुमच्या-आमच्या हिशेबाने नव्हे. ती हवा दाबल्यामुळेच चारपाचशे अंशांवर गेलेली असते. आमच्या धंद्यात तिला गार म्हणतात.

आता लक्षात आले असेल की ज्वलनकक्ष आखणाऱ्याचे सारे कौशल्य भोकांत असते. कुठे पाडायचे, केवढे पाडायचे, किती पाडायची. थोडक्यात, सदतीस वर्षे मी पत्र्याला भोके पाडली. हे वाचून हिला काय वाटेल ते वाटो.

ह्या चुलीने ज्यांना सर्वांत आधी छळले त्यांची हकीकत मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी वाचली. फ्रँक व्हिटल हा ब्रिटिश हवाई दलातला तरुण अधिकारी. जेट इंजिनाच्या पेटंटचा अर्ज त्याने १९३० साली केला, वयाच्या बाविसाव्या वर्षी. १९३५ साली पेटंट चालू ठेवायला पाच पौंड भरायचे होते. ते त्याच्याजवळ नव्हते, आणि सरकारलाही ते भरावेसे वाटले नाहीत. पेटंट गेले. पुढे मित्रांनी भांडवल उभे केले, १९३६ साली छोटीशी कंपनी निघाली आणि व्हिटल चुलीच्या शोधाला लागला. एवढ्याशा जागेत एवढी आग तोवर कोणत्याच भट्टीत कोणी पेटवली नव्हती. एका औद्योगिक प्रदर्शनात तो भट्ट्यांचे बर्नर बनवणाऱ्यांच्या एकेका दुकानापुढे उभा राहून विचारी, आणि जाणते लोक त्याला वेड्यात काढीत. अखेर एडिंबरोच्या लेडलॉ, ड्रू नावाच्या एका लहान कंपनीने, कठीण आहे पण पाहू, असे म्हटले.

१२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी गावच्या कारखान्यात ते इंजिन प्रथम सुरू झाले. त्या दिवशी आणि पुढल्या काही दिवसांत ते आवरेनाच! किंकाळी मारीत त्याचा वेग आपोआप वाढू लागे. व्हिटलने इंधनाची झडप बंद केली तरी थांबेना. भोवतालची मंडळी जीव घेऊन पळाली. एकटा व्हिटल झडप धरून उभा. पुढे कारण सापडले ते असे की गळलेले इंधन कक्षाच्या तळाशी साचून राहिले होते आणि झडप बंद केल्यावरही तेच जळत होते. ज्यांच्या आईने साचलेल्या रॉकेलवर स्टोचा भडका उडालेला पाहिला असेल, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

स्टोची आठवण उगाच काढली नाही. व्हिटलने आरंभी रॉकेलची वाफ करून जाळण्याचा मार्ग धरला होता. आपल्या प्रायमस स्टोचीच ती रीत. काकडा पेटवून बर्नर तापवायचा, पंप मारायचा, रॉकेल तापल्या नळीतून वाफ होऊन बाहेर येते. पण व्हिटलच्या नळ्या काजळी धरीत, वाकत आणि फुटत. आमच्या घरी त्याला पिन मारणे हा उपाय होता. व्हिटलपाशी पिन नव्हती. तीन वर्षे अशी गेली. १९४० साली शेल कंपनीच्या आयझॅक लबक ह्यांच्या बर्नरमुळे वाट सापडली. वाफ करायची नाही, दाबाखाली बारीक फवारा उडवायचा. थेंब केसाच्या जाडीइतके किंवा त्याहून लहान. १५ मे १९४१ रोजी क्रॅनवेलच्या धावपट्टीवरून ग्लॉस्टरचे छोटे विमान ते इंजिन घेऊन १७ मिनिटे उडाले.

जर्मनांनी त्याआधीच, २७ ऑगस्ट १९३९ रोजी, म्हणजे महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात, हाइंकेलचे जेट विमान उडवले होते. पण त्यांचे फॉन ओहाइन मोठे हुषार. पहिल्या इंजिनात त्यांनी रॉकेल-पेट्रोलच्या वाटेला न जाता हायड्रोजन जाळला. तो कसाही जळतो. इंजिनाची कल्पना खरी आहे हे दाखवून, मग चुलीशी झगडायला बसले. पुढे युद्धात निकेल मिळेना तेव्हा जर्मनांनी साध्या पोलादाच्या नळ्यांना अल्युमिनियमचा लेप देऊन काम भागवले. ती इंजिने पंचवीस तासांच्या आसपास खलास होत. ब्रिटिशांनी १९४० च्या सुमारास निमोनिक हा निकेलचा मिश्रधातू काढला होता, आणि त्याच्याच पत्र्याशी माझी पुढे जन्माची गाठ पडली.

हे सारे वाचून मी शहाणा झालो आहे अशी माझी समजूत होती. ती १९७४ साली उतरली.

दक्षिणेतल्या एका शहरात मी नोकरीला होतो. तिथे पत्राकामाचे एक मिस्त्री होते, बेळगावकडचे. चारचौघांत मला 'साहेब' म्हणत आणि दोघेच असलो की 'तम्मा'. कानडीत धाकट्या भावाला तसे म्हणतात. शिक्षण बेताचे. परंतु वापरून परत आलेल्या इंजिनांच्या शेकडो नळ्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. चिरलेली नळी ते आधी डोळ्यांनी पाहत नसत. तळहात फिरवीत आणि एका जागी थांबून म्हणत, "इथं."

त्या वर्षी बढतीसह कायम होण्याची माझी वेळ होती. एका नळीतून बाहेर पडणारा वायू सगळीकडे सारखा तापलेला नव्हता, एका बाजूला जास्त कढत होता. टर्बाइनच्या पात्यांना ते भोवते. तो सारखा करायला मागच्या भोकांतून जास्त हवा सोडायला हवी होती. आता ती आणायची कुठून? इंजिनात हवेचा हिशेब गृहिणीच्या महिन्याच्या हिशेबासारखा असतो, एकीकडे वाढवले की दुसरीकडे कापावे लागते. मी तिसऱ्या कड्याच्या पापुद्र्याची हवा कापली. कागदावर सगळे बरोबर येत होते.

ड्रॉइंग मिस्त्रींकडे गेले तेव्हा त्यांनी त्यावर बोट ठेवले. "साहेब, ह्या मोठ्या भोकाच्या मागं वारा पोचत नाही. पापुद्रा भोकाशी फाटतो. तिथं तुम्ही आणखी कमी करताय."

"हिशेब केला आहे, मिस्त्री."

"बरं," ते म्हणाले. त्यांच्या 'बरं'चे दोन अर्थ होत, आणि ह्या वेळचा कोणता ते मला कळले होते.

आधी एका नमुन्याच्या नळीवर रंगाची चाचणी झाली. हा रंग मोठा गमतीचा असतो. पत्रा जितका तापेल त्याप्रमाणे तो आपला वर्ण बदलतो आणि गार झाल्यावरही तसाच राहतो. नळी कापून पाहिली की कुठे किती कढ लागला ते नकाशासारखे वाचता येते. तिसऱ्या कड्यावर, मोठ्या भोकाच्या मागे, जिभेच्या आकाराचा एक डाग पडला होता. त्याचा वर्ण मला ओळखता येत होता. मी टिपणात लिहिले, 'रंग नीट भाजला गेला नाही, ह्या जागेचे वाचन ग्राह्य धरू नये.' आणि तुकडा भंगारात टाकायला सांगितले.

वाचकहो, त्या क्षणी मी खोटे लिहीत आहे असे मला वाटले नव्हते. रंग कधी कधी खरोखरच नीट भाजला जात नाही. मनाला हवे ते कारण समोर आले आणि मी ते उचलले.

पंधरा दिवसांनी खरी चाचणी सुरू झाली. चाळीस मिनिटे सगळे सुरळीत होते. मग आरशात पाहणारा पोरगा ओरडला. बाहेरच्या पोलादी आवरणावर रुपयाएवढा लाल ठिपका उमटला होता आणि पाहता पाहता वाढत होता. इंधन तोडले, सगळे थंड झाले, नळी बाहेर काढली. तिसऱ्या कड्याला तळहाताएवढे भगदाड पडले होते. भोकाच्या कडेपासून चीर निघून वेल्डच्या रेषेपर्यंत गेली होती आणि तिथून रेषेच्या कडेकडेने फाटत गेली होती. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

चौकशी झाली. फाटलेला पत्रा वेल्डजवळ फाटलेला दिसत होता, म्हणून वेल्ड कच्चा, असा निष्कर्ष निघाला. मिस्त्रींना मेमो मिळाला. त्यांची निवृत्ती सहा वर्षांवर होती आणि मेमोचा परिणाम वेतनवाढीवर होणार होता. मला कोणी काही विचारले नाही. विचारले असते तर मी सांगितले असते, असे मी स्वतःला नऊ दिवस सांगत होतो. नऊ हा आकडा मला नक्की आठवतो, कारण नववा दिवस पाडव्याचा होता.

त्या दिवशी सकाळी मी मिस्त्रींच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसून शेजाऱ्यांचा स्टो दुरुस्त करीत होते. सुटीच्या दिवशी आळीतले सगळे बिघडलेले स्टो त्यांच्याकडे येत, पैसे ते घेत नसत. काकूंनी फराळाची बशी माझ्यापुढे ठेवली. मी अनारसा हातात घेऊन तसाच बसलो.

"मिस्त्री, ती चीर वेल्डातून सुटलेली नाही."

"ठाऊक आहे की मला," ते बर्नरमध्ये पिन घालीत म्हणाले. मग उठून आत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले काही तरी घेऊन आले. तो रंगाचा तुकडा होता. जिभेचा डाग जसाच्या तसा.

"हे तुम्ही भंगारात टाकायला सांगितलं होतं. मी टाकलं नाही."

"मग चौकशीत दाखवलं का नाहीत?"

ते थोडा वेळ बोलले नाहीत. स्टोला दोन-तीन पंप मारून पाहिले. "मी दाखवलं असतं तर मिस्त्रीनं साहेबाची चुगली केली म्हणाले असते. मेमो कदाचित गेला असता. पण पत्रा तसाच राहिला असता, तम्मा. ड्रॉइंग तुमचं. ते बदलायला तुमचीच सही लागते."

सुटी संपल्यावर मी तो तुकडा आणि दीड पानाचे पत्र घेऊन वरिष्ठांच्या खोलीत गेलो. खोलीतून बाहेर आलो तेव्हा माझे कायम होणे एक वर्ष पुढे गेलेले होते. मिस्त्रींचा मेमो महिन्याभराने मागे घेतला गेला. मागे घेताना कोणी त्यांची क्षमा मागितल्याचे मी ऐकले नाही. तिसऱ्या कड्याची हवा मी परत दिली, मोठी भोके किंचित सरकवली आणि त्यांच्या मागे बारीक भोकांची एक वेगळी ओळ घातली. ती ओळ कुठे घालायची ते मिस्त्रींनी खडूने पत्र्यावर काढून दाखवले. ड्रॉइंगवर त्यांचे नाव घालण्याची सोय नव्हती.

हे प्रकरण मी मनाशी मिटवून टाकले होते. एक वर्ष गेले, शिकलो, संपले. ते संपलेले नव्हते हे मला पुढे मँचेस्टरच्या अपघाताने कळले.

२२ ऑगस्ट १९८५ ची सकाळ. ब्रिटिश एअरटूर्सचे बोइंग ७३७ विमान मँचेस्टरहून ग्रीसमधल्या कॉर्फू बेटाकडे निघाले होते. आत १३७ माणसे, बहुतेक सुटीवर निघालेली. विमान धावपट्टीवर वेग घेत असता धाडकन आवाज झाला. वैमानिकांना वाटले टायर फुटला. त्यांनी उड्डाण सोडून विमान थांबवले. खरोखर फुटले होते ते डाव्या इंजिनाच्या ज्वलनकक्षाचे आवरण. त्या इंजिनात वर्तुळाकार मांडलेल्या नऊ नळ्या असतात. त्यांतल्या नवव्या नळीला गोलाकार चीर होती. पूर्वी ती वेल्ड करून दुरुस्त केलेली होती. चीर पुन्हा वाढली, नळीचा पुढचा भाग सुटून कलला आणि आतली आग सरळ बाहेरच्या आवरणावर धरली गेली. आवरण तापून फुटले. त्याचा तुकडा उडून पंखाच्या पोटाशी असलेल्या इंधनटाकीच्या झाकणावर आदळला. झाकण पंखाच्या पत्र्याहून नाजूक होते. ते फुटले, रॉकेलचा लोट वाहू लागला आणि पेटला. विमान धावपट्टीवरून बाजूला वळून थांबले तेव्हा वारा मंद होता, पण ज्वाळा विमानाच्या अंगावर नेण्याइतका होता. ५५ माणसे गेली. बहुतेक धुराने गेली, जमिनीवर उभ्या असलेल्या विमानात, अग्निशामक दल शेजारी असताना.

चौकशीचा अहवाल १९८८ च्या अखेरीस निघाला. तो आमच्या ग्रंथालयात आला तेव्हा मी दोन दिवस रजा टाकून वाचला. अपघाताच्या आधीच्या दिवसांत त्या इंजिनाचा वेग मंद वाढतो अशा नोंदी वैमानिकांनी केलेल्या होत्या. त्यावर उपाय म्हणून इंजिनाची मांडणी थोडी जुळवून घेतली गेली होती. मंद वेगाचा आतल्या चिरलेल्या नळीशी संबंध असू शकेल, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती जीभ आली. वापरून पाहण्याजोगे एक सोपे कारण हाताशी असले, की माणूस दुसरे शोधायला जात नाही. मी तरी गेलो नव्हतो. आमच्या चाचणीत फुटले ते एका खोलीत, काँक्रीटच्या भिंतींमागे. तेच इंजिन पंखाखाली असते तर?

पुढे बेळगावला एका लग्नाला गेलो असता मिस्त्रींना भेटलो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, कानाने कमी ऐकू येत होते. मी त्यांना मँचेस्टरची हकीकत मोठ्याने सांगितली. माजघरातली माणसे वळून पाहू लागली. सगळे ऐकून त्यांनी विचारले, "ज्यानं वेल्ड केलं त्याला मेमो दिला काय?"

"अशा अहवालात कोणाला दोष देत नाहीत, मिस्त्री. परत होऊ नये म्हणून कारण शोधतात."

"असं?" ते म्हणाले आणि बराच वेळ गप्प राहिले. "बरं आहे की ते."

त्या अपघातानंतर नळ्या तपासण्याचे आणि दुरुस्त करण्याचे नियम कडक झाले. पंखावरच्या दारापाशी सीटच्या रांगेत जास्त मोकळी जागा ठेवू लागले. विमानात त्या रांगेत बसलेला प्रवासी पाय पसरून समाधानाने पेपर वाचतो, तेव्हा मला त्याच्याशी बोलावेसे वाटते. अद्याप बोललो नाही. ही हात दाबून धरते.

आता ज्वलनकक्षाचे रूप पार बदलले आहे. वेगवेगळ्या नळ्या गेल्या, बांगडीसारखी एकच अखंड पोकळी आली. फवारा उडवणारी नोझल काही इंजिनांत धातूची पूड थरावर थर वितळवून छापतात. पूर्वी वीसेक तुकडे जोडून जे होत असे ते आता एका तुकड्यात होते. काही ठिकाणी पत्र्याऐवजी चिनी मातीच्या जातीचे, धाग्यांनी विणलेले साहित्य आले आहे. त्याला हवेचा पापुद्रा थोडका पुरतो. आणि आज सगळ्यात मोठा झगडा चालू आहे तो धुरातल्या विषारी वायूंशी. आग फार कढत झाली तर हवेतला नायट्रोजनच जळू लागतो. ती निववावी तर विझायची भीती. आत्या असती तर म्हणाली असती, चूल ती चूलच.

आमची पुतणी ह्याच कामात आहे. माझ्यासारखी भोके पाडायला तिला पत्रा लागत नाही, सगळे संगणकावर चालते. ज्वाळेचा प्रत्येक भोवरा तिला पडद्यावर दिसतो. मी आयुष्यभर जे डोळे मिटून कल्पनेने पाहिले, ते ती रंगीत पाहते. मला हेवा वाटतो, खोटे कशाला सांगू? गेल्या गणपतीत आली होती तेव्हा लॅपटॉप उघडून म्हणाली, "काका, नवीन आखणी आहे. सांगा बघू, कुठे तापेल?"

मी चष्मा लावला. चित्र फिरवायला सांगितले. मग पडद्यावर बोट ठेवले, मोठ्या भोकाच्या मागे.

तिने एक बटण दाबले. तिथे जिभेच्या आकाराचा लाल डाग उमटला. ती हसली. "तिथे फक्त पाच-सहा अंश जास्त येतायत, काका. आमचे साहेब म्हणतात की गणिताची जाळी तिथे जाड आहे, म्हणून दिसतंय. ते ग्राह्य धरू नकोस म्हणाले."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला तसं वाटत नाही," ती म्हणाली. "पण माझं प्रोबेशन आहे ना."

ही स्वयंपाकघरातून मोदक घेऊन आली तेव्हा आम्ही दोघे जमिनीवर बसलो होतो आणि मी तिला मिस्त्रींची हकीकत सांगायला सुरुवात केली होती.